काट्याला न दिसणारा फरक: लठ्ठपणा आणि आहारातल्या मेदाचा दर्जा

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक छोटा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. ३९ सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे रोजच्या जेवणाशिवाय जास्तीचे मफिन खायला दिले. काहींचे मफिन पाम तेलात केलेले, ज्यात संपृक्त मेद जास्त असतो, काहींचे सूर्यफूल तेलात, ज्यात असंपृक्त जास्त असतो. बाकी कृती तीच. दोन्ही गटांचं वजन सरासरी १.६ किलोने वाढलं. एमआरआयमध्ये मात्र दोन गट वेगळे दिसले. पाम तेल खाणाऱ्यांच्या यकृतात आणि पोटाच्या पोकळीत चरबी जास्त साठली होती.

पाच वर्षांनी असाच प्रयोग जास्त वजन किंवा लठ्ठपणा असलेल्या ६१ जणांवर आठ आठवडे झाला. वजनवाढ पुन्हा जवळजवळ सारखी, दोन किलोच्या आसपास. पाम तेलाच्या गटात यकृतातली चरबी आधीच्या जवळपास दीडपट झाली, यकृताची एन्झाइम्स वाढली, रक्तातले लिपिड, म्हणजे मेदाचे घटक, बिघडले. सूर्यफूल गटात तितकंच वजन वाढूनही यकृतातली चरबी वाढली नाही. पोटातल्या चरबीत या वेळी दोन गटांत फरक सापडला नाही, पण यकृताच्या बाबतीत निकाल दोन्ही वेळा एकच आला. नंतर कॅलरी कमी केल्यावर पाम तेलाच्या गटातला बिघाडही भरून निघाला.

मेदाच्या दर्जाबद्दल बोलताना लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, ती इथेच सोडवून टाकू. चांगलं तेल वापरल्याने वजन उतरत नाही. एक ग्रॅम मेदात ९ किलोकॅलरी असतात, मग तो ऑलिव्ह तेलातला असो वा लोण्यातला. आणि वजन हललं नाही म्हणून शरीरात काहीच बदललं नाही, असंही नाही. लठ्ठपणात त्रास देणाऱ्या बऱ्याच गोष्टी, म्हणजे यकृतातली चरबी, इन्सुलिनला मिळणारा कमकुवत प्रतिसाद, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, काट्यावर उमटत नाहीत.

मेदाचे प्रकार, कामापुरते

अन्नातला बहुतेक मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपात असतो: ग्लिसरॉलचा एक रेणू आणि त्याला चिकटलेली तीन मेदाम्लं. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त, एक असेल तर मुफा, दोन किंवा जास्त असतील तर पुफा. मुफा आणि पुफा ही दोन्ही असंपृक्त. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, म्हणून असंपृक्त मेद साध्या तापमानाला द्रव राहतो. संपृक्त साखळ्या सरळ असल्यामुळे एकमेकींना खेटून बसतात आणि मेद घट्ट होतो. ट्रान्स फॅटमध्ये दुहेरी बंध असतो पण साखळी जवळजवळ सरळच राहते. शरीरातलं वर्तन संपृक्तापेक्षाही वाईट.

नावं मोजकीच लक्षात ठेवली तरी चालतं. पामिटिक आम्ल हे आहारातलं मुख्य संपृक्त मेदाम्ल, ओलेइक हे मुख्य मुफा. पुफामध्ये लिनोलेइक हे ओमेगा-६, तर अल्फा-लिनोलेनिक आणि माशांतली ईपीए-डीएचए ही ओमेगा-३. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. संपृक्त मेद मात्र यकृत स्वतः बनवतं, त्यामुळे त्याची आहारात अशी गरज नाही.

कुठलंही तेल निव्वळ एका प्रकारचं नसतं. १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलात सुमारे ७३ ग्रॅम मुफा असतो, पण १४ ग्रॅम संपृक्तही असतो. साध्या सूर्यफूल तेलात संपृक्त ११ आणि पुफा ६५ च्या आसपास. कॅनोलात संपृक्त फक्त ७, मुफा ६३, पुफा २८, आणि त्या पुफातले सुमारे ९ ग्रॅम ओमेगा-३. सोयाबीन तेलात संपृक्त १५, पुफा ५८. शेंगदाणा तेल मधलं: संपृक्त १७, मुफा ४६, पुफा ३२. पाम तेल अर्धं संपृक्त, आणि नारळाचं तेल ८० टक्क्यांहून जास्त. 'वनस्पती तेल' एवढंच लेबलावर वाचून समाधान मानणाऱ्याला यातला कुठला टोकाचा प्रकार मिळाला हे कळतच नाही.

लठ्ठपणात हे जास्त का जाणवतं

त्वचेखालची चरबी हे शरीराचं कोठार आहे, आणि ते चांगलं काम करत असेल तोवर फारसं बिघडत नाही. जेवणानंतर रक्तात आलेला मेद तिथे जातो, उपाशी असताना थोडाथोडा बाहेर येतो. पण कोठाराला मर्यादा असते आणि ती माणसागणिक वेगळी. पेशी फुगत जातात, नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत, ऊतीत दाह सुरू होतो, इन्सुलिनने 'आता मेद सोडू नका' असा निरोप दिला तरी पेशी तो नीट ऐकत नाहीत. मग मेदाम्लं रक्तात सांडत राहतात आणि यकृत, स्नायू, स्वादुपिंड अशा ठिकाणी साठतात जिथे त्यांची जागा नाही. यकृताच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. सारख्याच वजनाच्या दोन माणसांपैकी एकाची साखर आणि यकृत ठीक, दुसऱ्याचं दोन्ही बिघडलेलं, याचं मोठं कारण कोठाराच्या या मर्यादेत आहे.

यकृतातली चरबी येते कुठून? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, मेदयुक्त यकृत असलेल्या लोकांमधल्या मोजणीत असं दिसलं की सुमारे ५९ टक्के चरबी रक्तात फिरणाऱ्या मुक्त मेदाम्लांपासून आली होती, २६ टक्के यकृताने नव्याने बनवली होती आणि १५ टक्के थेट आहारातून आली होती.

थेट वाटा १५ टक्केच असेल तर प्रकार बदलून काय साधणार, असा प्रश्न इथे पडायलाच हवा. उत्तराचे दोन भाग आहेत. कोठारातला मेदसुद्धा खाल्लेल्याच मेदातून आलेला असतो. त्वचेखालच्या चरबीतलं लिनोलेइक आम्ल मोजून माणसाने दीर्घकाळ काय खाल्लं याचा अंदाज बांधता येतो, इतका आहाराचा ठसा तिथे राहतो. आणि मेदाचा प्रकार कोठाराचं दारही कमीजास्त उघडतो. फिनलंडमध्ये जास्त वजनाच्या ३८ जणांना तीन आठवडे रोज १,००० किलोकॅलरी जादा दिल्या: एका गटाला संपृक्त मेदातून, दुसऱ्याला असंपृक्त मेदातून, तिसऱ्याला साखरेतून. यकृतातली चरबी अनुक्रमे ५५, १५ आणि ३३ टक्के वाढली. संपृक्त गटात चरबीच्या ऊतीतून मेद बाहेर पडण्याचा वेग वाढला, असंपृक्त गटात तो घटला, आणि साखरेच्या गटात यकृताने स्वतः मेद बनवण्याचं काम वाढवलं.

त्या तिसऱ्या गटाकडे जरा थांबून बघायला हवं. यकृत साखरेपासून जो मेद बनवतं तो मुख्यतः पामिटिक आम्लच असतो. म्हणजे लोणी सोडून गोड पेयांवर गेलेल्या माणसाच्या ताटातून संपृक्त मेद जातो, यकृतातून जात नाही.

पेशीच्या आत काय होतं

पामिटिक आम्ल आणि सेरीन नावाचं अमिनो आम्ल मिळून सेरामाइड नावाचे मेद तयार व्हायला सुरुवात होते. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत ज्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतो, तिच्यातल्या एका महत्त्वाच्या कडीला सेरामाइड अडवतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून ही अडवणूक काही काळ झाकून टाकतं, म्हणून उपाशीपोटीची साखर बरीच वर्षं ठीक दिसू शकते. वर सांगितलेल्या स्वीडनमधल्या दुसऱ्या प्रयोगात पाम तेलाने रक्तातली सेरामाइड वाढली आणि सूर्यफूल तेलाने घटली.

यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. संपृक्त मेदाने त्यांचं काम मंदावतं, एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. पुफाने उलटं होतं. शिवाय पुफा साठवण्यापेक्षा जाळला जाण्याकडे शरीराचा कल थोडा जास्त असतो आणि यकृतात नवा मेद बनवणारी यंत्रणा पुफामुळे दबते.

'काय सोडलं' हा अर्धाच प्रश्न

मेदाच्या संशोधनातले बहुतेक वाद एका चुकीतून निघतात: एखादा पदार्थ कमी केला तर त्याच्या कॅलरीच्या जागी दुसरं काहीतरी येतंच, आणि ते काय हे विचारलं जात नाही. अमेरिकेत सुमारे ४९,००० स्त्रियांवर आठ वर्षांच्या आसपास चाललेल्या मोठ्या चाचणीत एकूण मेद कमी करायला सांगितलं होतं. २००६ मध्ये आलेल्या निकालात हृदयविकार लक्षणीय कमी झाला नव्हता. त्यावरून 'मेदाचा काही संबंध नाही' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पण त्या आहारात सगळ्याच प्रकारचा मेद कमी झाला होता, चांगलाही.

जागा कोण घेतं ते तपासलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. दोन मोठ्या दीर्घकालीन निरीक्षण-अभ्यासांच्या २०१५ मधल्या विश्लेषणात, रोजच्या ऊर्जेतला ५ टक्के संपृक्त मेद काढून तिथे पुफा आला तर हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला. मुफा आला तर १५, अखंड धान्यांतली कर्बोदकं आली तर ९ टक्के. मैदा आणि साखर आली तर फरक जवळपास शून्य. हे निरीक्षणातले आकडे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. क्रम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रक्तशर्करेवरचा परिणाम खरा आहे, पण माफक. १०२ नियंत्रित आहार-चाचण्यांच्या २०१६ मधल्या एकत्रित विश्लेषणात कर्बोदकं किंवा संपृक्त मेदाच्या जागी ५ टक्के ऊर्जा पुफातून आली तेव्हा एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक, साधारण ०.१ ने उतरलं. म्हणजे ६.२ टक्क्यांचं ६.१. एवढ्यासाठी औषध बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. युरोपातल्या आठ देशांत चयापचयाचे अनेक घटक एकत्र बिघडलेल्या लोकांवर बारा आठवडे चाललेल्या एका चाचणीत तर मेदाचा प्रकार बदलून इन्सुलिनच्या प्रतिसादात एकूण काहीच ठळक फरक पडला नाही.

आणखी एक अट आहे, जी ऑलिव्ह तेलाच्या चाहत्यांना आवडत नाही. १६२ निरोगी लोकांवर तीन महिने केलेल्या एका प्रयोगात संपृक्त मेद जास्त असलेल्या आहाराने इन्सुलिनचा प्रतिसाद सुमारे १० टक्क्यांनी खालावला, मुफाच्या आहारात तो टिकून राहिला. पण ज्यांच्या ऊर्जेपैकी ३७ टक्क्यांहून जास्त भाग मेदातून येत होता, त्यांच्यात मुफाचा हा फायदा दिसलाच नाही. दर्जाचा उपयोग प्रमाणाच्या आत राहून होतो.

वजनाचं वेगळं. २०१८ मध्ये ६०९ जणांवरच्या वर्षभराच्या चाचणीत कमी मेदाच्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो, कमी कर्बोदकांच्या गटाचं ६.० किलो उतरलं, फरक नगण्य. यकृतातली चरबी उतरवायला वजनात ७ ते १० टक्के घट याहून मोठं साधन आहारात नाही. मेदाचा दर्जा त्या घटीच्या जोडीने, आणि वजन अडून बसतं त्या महिन्यांमध्येही, काम करतो. आमच्या मते त्याची खरी किंमत या अडून बसलेल्या महिन्यांतच आहे.

आकडे ताटावर कसे उतरवायचे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी एकूण मेद ऊर्जेच्या ३० टक्क्यांपर्यंत, संपृक्त १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स १ टक्क्यापर्यंत ठेवावा. वजन कमी करण्यासाठी रोज १,६०० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीचा हिशोब करू. एकूण मेद ४८० किलोकॅलरी, म्हणजे ५३ ग्रॅम. संपृक्त १६० किलोकॅलरी, म्हणजे १८ ग्रॅम. ट्रान्स २ ग्रॅमपेक्षा कमी. पुफा ऊर्जेच्या ६ ते ११ टक्के धरला तर ११ ते २० ग्रॅम. उरलेला मुफा.

हे ५३ ग्रॅम म्हणजे ५३ ग्रॅम तेल नव्हे. दूध, अंडी, मांस, सुकामेवा, धान्य, तयार पदार्थ यांतून निम्मा किंवा त्याहून जास्त मेद न दिसता येतो. वरून घालायच्या तेलाला साधारण २० ते २५ ग्रॅम उरतात. १५ मिलिलिटरचा मोठा चमचा सपाट भरला की सुमारे १४ ग्रॅम तेल आणि १२० किलोकॅलरी. ५ मिलिलिटरचा छोटा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम आणि ४० किलोकॅलरी. बाटलीतून अंदाजाने ओतलं की चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते. सोपा उपाय घरातल्या माणसांच्या हिशोबाने: माणशी रोज २० ग्रॅम धरले तर चौघांना ३० दिवसांत २,४०० ग्रॅम, म्हणजे साधारण २.६ लिटर. महिन्याला पाच लिटर संपत असेल तर तेल कुठलं हा प्रश्न नंतरचा.

अदलाबदलीचं एक उदाहरण. रोज ३० ग्रॅम लोणी खाणाऱ्याला त्यातून सुमारे २४ ग्रॅम मेद मिळतो, त्यातला १५ ग्रॅम संपृक्त. दिवसाच्या १८ ग्रॅमपैकी १५ इथेच गेले. त्याच २४ ग्रॅम मेदासाठी कॅनोला तेल घेतलं तर संपृक्त २ ग्रॅमच्या आत येतो आणि ७ ग्रॅमच्या आसपास पुफा मिळतो. कॅलरी तेवढ्याच. संपृक्त मेदातून येणारी ऊर्जा मात्र ७ टक्क्यांहून जास्त घटते, आणि अभ्यासांमध्ये ५ टक्क्यांच्या बदलाचा परिणाम मोजलेला आहे हे लक्षात घेतलं तर एका पदार्थातून झालेला हा बदल छोटा नाही. तसंच ५० ग्रॅम घट्ट चीजऐवजी ३० ग्रॅम अक्रोड: कॅलरी दोन्हीकडे २०० च्या आसपास, संपृक्त १० ग्रॅमवरून २ ग्रॅमच्या आत, पुफा सुमारे १४ ग्रॅम.

गंमत अशी की बहुतेक लोक ऑलिव्ह तेल, अक्रोड, बदाम हे सगळं आधीच्या आहारात भर म्हणून घालतात. लोणी तेवढंच राहतं. मग संपृक्त ग्रॅमही तेवढेच राहतात आणि वर २०० किलोकॅलरी येतात. सुकामेवा वाटीतून न खाता वजन करून काढलेला बरा. ३० ग्रॅम म्हणजे ओंजळ नव्हे, लहानशी मूठ.

तयार पदार्थांचं लेबल वाचताना १०० ग्रॅममागचा आकडा बघा, 'एका सर्व्हिंग'चा नको, कारण सर्व्हिंग उत्पादक ठरवतो. १०० ग्रॅममध्ये संपृक्त ५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तो जास्त, १.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमी, ही ब्रिटनमधल्या लेबलांची मोजपट्टी कुठेही वापरता येते. घटकांच्या यादीत 'अंशतः हायड्रोजनेटेड' असं दिसलं तर पदार्थ ठेवून द्या, मग समोर 'ट्रान्स फॅट शून्य' छापलेलं असलं तरी. ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण शून्य म्हणून छापायची मुभा अनेक ठिकाणी असते.

काही पदार्थांबद्दल वेगळं सांगायला हवं

नारळाचं तेल. एमसीटी, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळ्यांचा मेद, चटकन जळतो, आणि नारळाच्या तेलात एमसीटी असतो, म्हणून ते वजनाला चांगलं, असा युक्तिवाद फिरत असतो. ज्या प्रयोगांवर तो उभा आहे त्यांतलं एमसीटी तेल ८ आणि १० कार्बनच्या साखळ्यांचं असतं. नारळाच्या तेलात त्यांचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा. जवळपास अर्धं तेल १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचं, जे बरंचसं लांब साखळ्यांसारखंच लसिकेतून शोषलं जातं आणि एलडीएल वाढवतं.

दुधाचा मेद. इथे फक्त संपृक्त ग्रॅम मोजून भागत नाही. तेवढाच मेद लोण्यातून घेतला तर एलडीएल जितकं वाढतं तितकं चीजमधून घेतल्यावर वाढत नाही. दही, दूध, चीज यांत मेद प्रथिनं, कॅल्शियम आणि मेदकणांभोवतीच्या पातळ आवरणासह येतो. लोणी घुसळताना ते आवरण बरंचसं निघून जातं. म्हणून कात्री चालवायचीच तर लोण्यापासून सुरुवात करावी, दह्यापासून नव्हे. कॅलरी मात्र चीजच्याही मोजाव्या लागतात.

मासे आणि कॅप्सूल. आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली, सामन अशा तेलकट माशांचा भाग बहुतेकांना पुरतो. अळशी आणि अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळं. त्यातलं थोडंच ईपीएमध्ये बदलतं, आणि डीएचएमध्ये तर अगदीच थोडं. वाढलेली ट्रायग्लिसराइड्स उतरवण्यासाठी ईपीए-डीएचएची मात्रा दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत लागते आणि त्याने २० ते ३० टक्के घट होते. दुकानात मिळणाऱ्या १,००० मिलिग्रॅमच्या साध्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून अनेकदा ३०० मिलिग्रॅमच असतं. ४ ग्रॅमसाठी तेरा कॅप्सूल! त्यातून रक्तशर्करा सुधारत नाही, आणि एवढ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला दिसला आहे, म्हणून हा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

ओमेगा-६ ची भीती. लिनोलेइक आम्लापासून अरॅकिडोनिक आम्ल, त्यापासून दाह वाढवणारे रेणू, म्हणून बियांची तेलं दाहक, असा हा तर्क कागदावर नीट बसतो. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये मात्र लिनोलेइक वाढवल्याने रक्तातले दाहाचे निर्देशक वाढलेले दिसत नाहीत. हे रूपांतर शरीर घट्ट नियंत्रणात ठेवतं. उलट जवळपास ४०,००० लोकांच्या एकत्रित विश्लेषणात ज्यांच्या रक्तात वा ऊतींत लिनोलेइक सर्वांत जास्त होतं, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचा धोका सर्वांत कमी पातळीच्या लोकांपेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होता. जुन्या दोन चाचण्यांचा दाखला विरोधक देतात, ज्यांत लिनोलेइकयुक्त तेलाने मृत्यू कमी झाले नाहीत किंवा वाढले. त्यांतल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मार्जरिनचाही वापर होता आणि त्या काळच्या मार्जरिनमध्ये ट्रान्स फॅट असणं नेहमीचं होतं. शंका पूर्ण मिटत नाही, पण सगळा पुरावा एकत्र ठेवला तर तराजू बियांच्या तेलांच्या बाजूने झुकतो.

खरी अडचण तेलात नाही, तळणीत आहे. दुहेरी बंध जितके जास्त तितकं तेल उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं. पुफायुक्त तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात अल्डिहाइड आणि इतर ध्रुवीय संयुगं साठतात. व्यावसायिक तळणीसाठी युरोपातल्या अनेक देशांत त्यांची कमाल मर्यादा २४ ते २७ टक्के ठेवलेली आहे. घरात मोजता येत नाही, पण फेस मावळायला वेळ लागणं, रंग गडद होणं, पूर्वीपेक्षा लवकर धूर येणं, बोटाला चिकट लागणं ही खूण पुरेशी आहे. तळायचंच असेल तर जास्त ओलेइक असलेलं सूर्यफूल तेल घ्या. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास मुफा असतो आणि ते जास्त टिकतं. अळशीचं तेल तापवू नये, फ्रीजमध्ये ठेवावं आणि छोटी बाटली आणावी.

बदल कळणार कसा

कंबर आणि रक्त. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा सगळ्यांना लागू पडणारा सोपा निकष. रक्तात दर डेसिलिटरमागे ट्रायग्लिसराइड्स १५० मिलिग्रॅमच्या आत, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या वर, उपाशीपोटी साखर १०० च्या आत. एएलटी हे यकृताचं एन्झाइम आणि एचबीए१सी यांचीही सुरुवातीची नोंद हवी. मेदातला बदल लिपिडमध्ये चार-सहा आठवड्यांत दिसू लागतो. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्याआधी तपासून हाती काही लागत नाही.

एक गोष्ट अनेकांना निराश करते. लठ्ठपणा आणि इन्सुलिनला कमी प्रतिसाद असलेल्यांमध्ये संपृक्त मेद कमी केल्यावर एलडीएल सडपातळ लोकांइतकं उतरत नाही. हे माहीत नसेल तर माणूस 'मला आहाराचा उपयोग होत नाही' म्हणून सोडून देतो. अशांनी एकट्या एलडीएलवर निकाल लावू नये. ट्रायग्लिसराइड्स, एएलटी आणि शक्य असल्यास यकृताची तपासणी बघावी. डॉक्टर एपोबी ही रक्ततपासणी सुचवत असतील तर तीही उपयोगी, कारण ती रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या घातक कणांची संख्या सांगते.

जिथे हे नियम बदलतात

ट्रायग्लिसराइड्स १,००० मिलिग्रॅमच्या घरात असतील तर मेदाच्या दर्जाची चर्चा तात्पुरती बाजूला ठेवावी लागते. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि चांगलं-वाईट असा भेद न करता एकूण मेदच ऊर्जेच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, मद्य आणि साखर बंद करतात. ऑलिव्ह तेलाचे दोन चमचेही अशा वेळी जास्तच.

याच्या उलट टोकाला, वेगाने वजन उतरवणारे लोक. कडक आहार, शस्त्रक्रिया किंवा भूक कमी करणारी औषधं चालू असताना काही जण मेद जवळजवळ शून्यावर आणतात. पित्ताशय रिकामं व्हायला जेवणात थोडा मेद लागतो. तो नसेल तर पित्त आत साचून राहतं, घट्ट होतं आणि खडे बनण्याचा धोका वाढतो. दिवसातल्या निदान एका जेवणात १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन छोटे चमचे तेल किंवा १५ ग्रॅम अक्रोड, इतका मेद राहू द्यावा. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही त्याच मेदासोबत शोषली जातात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली पोटात कळ येत असेल तर आहारात आणखी काटछाट करण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी.